संगणकाची आज्ञावली लिहिण्यास उपजत बुद्धि लागते काय?

दरवर्षीं शालान्त परीक्षेचा निकाल लागला, कीं पुढील आठ-पंधरा दिवस शिक्षकांच्या खोलीबाहेर पालकांची वर्दळ सुरू होते. बहुतेकांच्या हातांत गुणपत्रिका असते व प्रश्नहि बहुधा एकच असतो: "सर, मुलाला संगणकाकडे घालावें म्हणतों, पण त्याचें गणित बेताचें आहे. जमेल काय?" कांहीं पालकांची तऱ्हा याच्या उलट असते. मुलास गणितांत 95 गुण मिळाले, तेव्हां तो प्रोग्रॅमर होणार हें त्यांनीं ठरवूनच टाकलेलें असतें. आम्हीं मान डोलवावी एवढीच त्यांची अपेक्षा. दोन्ही प्रकारच्या पालकांच्या मनांत समजूत मात्र एकच असते, ती ही कीं, गणित, तर्क व भाषा यांची कांहीं देणगी मूल जन्मतांच घेऊन येतें, आणि ती नसेल तर या व्यवसायाची वाट त्यास बंद आहे.

ही समजूत माझीहि होती. सुमारें 12 वर्षांपूर्वीं एका मुलीचे वडील असेच माझ्याकडे आले होते. मुलगी निबंध उत्तम लिही, वर्गाच्या सहलीचा जमाखर्च चोख ठेवी. पण गणितांत तिला जेमतेम 41 गुण मिळाले होते. मीं गुणपत्रिकेकडे पाहिलें आणि, "संगणकाचा नाद नको, तें हिला झेपणार नाहीं," असें सांगून टाकलें. वडिलांनीं माझा शब्द मानला व मुलगी वाणिज्य शाखेस गेली. पुढें एका कचेरींत नोकरीस लागल्यावर महिन्याच्या याद्या हातानें जुळवून ती कंटाळली, तेव्हां रात्रीं घरीं बसून आपल्या आपण प्रोग्रॅम लिहावयास शिकली, आणि आज तोच तिचा व्यवसाय आहे. मध्यंतरीं ती शाळेंत भेटावयास आली होती. तिनें मला बोल लावला नाहीं. "सर, चार वर्षें उशीर झाला, इतकेंच," एवढेंच ती म्हणाली. तें वाक्य मला अजून टोचतें, आणि प्रस्तुत लेख लिहिण्याचें खरें कारणहि तेंच आहे.

प्रथम हें काम आहे तरी काय, तें पाहूं. प्रोग्रॅम म्हणजे संगणकास दिलेल्या आज्ञांची यादी; मराठींत तिला आज्ञावली असें नांव पडलें आहे. संगणक हा अत्यंत चपळ, अत्यंत आज्ञाधारक, पण अत्यंत मंदबुद्धि असा नोकर आहे असें समजा. सांगाल तेवढेंच तो करतो. मनांतलें ओळखीत नाहीं. आतां त्यास वर्गाच्या गुणांच्या यादींतून सर्वांत अधिक गुण शोधावयास सांगावयाचें आहे. आपण स्वतः यादीवरून नुसती नजर फिरवितों व उत्तर देतों. त्याला मात्र असें सांगावें लागतें: पहिल्या विद्यार्थ्याचे गुण एका कागदावर लिहून ठेव. मग दुसऱ्याचे गुण पहा. ते कागदावरील आंकड्यापेक्षां जास्त असतील तर जुना आंकडा खोडून नवा लिही, नसतील तर कागद तसाच राहूं दे. याप्रमाणें शेवटच्या विद्यार्थ्यापर्यंत जा. अखेरीस कागदावर जो आंकडा उरेल तें उत्तर.

यांत गणित किती लागलें? दोन आंकड्यांत मोठा कोणता हें कळण्यापुरतें. तें तिसरीच्या मुलास येतें. कठीण भाग निराळाच आहे. त्याच यादीवरून वर्गाची सरासरी काढावयास सांगा. सर्वांच्या गुणांची बेरीज करावी व विद्यार्थ्यांच्या संख्येनें भागावें हें पाठ असलेला विद्यार्थी लगेच आज्ञा लिहून मोकळा होतो. पण परीक्षेच्या दिवशीं दोन मुलें तापानें घरीं होतीं व त्यांच्या नांवापुढें गुणांच्या जागीं 'गैरहजर' असा शेरा आहे. यंत्र येथें अडून बसतें. कोणी म्हणेल, गैरहजर म्हणजे शून्य समजावें. तसें केल्यास यंत्र अडणार नाहीं, पण 40 मुलांच्या वर्गांत 38 जणांची सरासरी 60 असेल, तर दोघांचे शून्य मिळवून ती 57 होईल. उत्तर चुकलेलें असून तें बरोबर असल्यासारखें दिसेल, व त्या वर्गाच्या शिक्षकास विनाकारण चार शब्द ऐकावे लागतील! यंत्र अडून बसलें तर चूक निदान कळते. ही दुसऱ्या जातीची चूक फार वाईट, कारण ती मुकी असते. भागाकार कोणीहि करील. या यादींत काय काय असूं शकेल, हा विचार आधीं मनांत येणें व न आल्यास चूक हुडकून पुन्हां मांडणी करणें, यांतच प्रोग्रॅमरचा बहुतेक दिवस जातो.

गणिताची संवय आरंभीं कधीं कधीं आडवीहि येते. बीजगणितांत आपण अ = ब असें लिहितों, तेव्हां तें एक विधान असतें: दोन्ही बाजू सारख्या आहेत. पुष्कळ संगणकभाषांत मात्र तेंच चिन्ह ही आज्ञा आहे: ब या डबींत जें आहे त्याची नक्कल अ या डबींत ठेव. अ मध्यें 10 व ब मध्यें 20 असतील, तर या आज्ञेनंतर अ मधील 10 पुसले जाऊन तेथें 20 येतात आणि ब मधील 20 जसेच्या तसे राहतात. म्हणूनच त्या भाषांत अ = अ + 1 असेंहि लिहितां येतें. बीजगणिताच्या शिक्षकास तें पाहून घेरी येईल. पण अर्थ साधा आहे, अ मधील आंकडा एकानें वाढव. हें उदाहरण वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

यावरून गणित निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढूं नये. चित्रपटांतील कृत्रिम दृश्यें हलविणारे, गुप्तलेखनाच्या रीति बसविणारे, किंवा ज्यास हल्लीं कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात तिचीं साधनें घडविणारे जे लोक आहेत, त्यांचें गणितावांचून एक पाऊलहि पुढें पडत नाहीं. शिवाय महाराष्ट्रांत अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेंत गणिताचा पेपर आहे. त्या दारानें ज्यास आंत जावयाचें आहे त्यास गणिताचा अभ्यास चुकत नाहीं. पण दार वेगळें आणि घर वेगळें. शाळा, दवाखाना, दुकान वा पतपेढी यांच्या कामाच्या आज्ञावल्या लिहिणारे असंख्य लोक आठवडेच्या आठवडे बेरीज, मोजणी व तुलना यांच्या पलीकडे जात नाहींत.

तर्क लागतो, यांत शंका नाहीं. तो जन्मतःच असतो कीं संवयीनें येतो, हें पाहण्यास मात्र फार दूर जावयास नको. गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत शिरतांच मी म्हणालों, "ज्यांनीं वही व पेन आणलें नाहीं त्यांनीं उभें राहावें." एका मुलाजवळ वही होती, पेन नव्हतें. तो अर्धवट उठला, पुन्हां बसला, पुन्हां उठला आणि माझ्या तोंडाकडे पाहूं लागला. वर्ग हंसला. पण चूक त्याची नव्हती, माझी होती. दोन्ही वस्तु ज्यांच्याजवळ नाहींत त्यांनींच उठावयाचें, कीं दोहोंपैकीं एक जरी नसेल तरी उठावयाचें, याचा माझ्या वाक्यांत कोठेंच खुलासा नव्हता. माणूस शिक्षकाचा स्वभाव ओळखून उठतो किंवा बसतो. यंत्रास स्वभाव ओळखतां येत नाहीं. त्या दिवशींचा धडा बाजूस ठेवून आम्हीं फळ्यावर चार घरें आंखलीं: दोन्ही आहेत, नुसती वही आहे, नुसतें पेन आहे, कांहींच नाहीं. मग प्रत्येक घरांतील मुलानें उठावें कीं बसावें, हें वाक्य बदलून बदलून पाहिलें. तास संपावयाच्या आंत गणितांत नेहमीं मागें पडणारीं मुलेंहि 'दोन्हींपैकीं एकहि नाहीं' व 'दोन्ही मिळून नाहींत' यांतील भेद बिनचूक सांगूं लागलीं.

'आणि', 'किंवा' व 'नाहीं' या तीन शब्दांचें हें बीजगणित जॉर्ज बूल या इंग्रज गृहस्थांनीं 1847 व 1854 सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें, आणि आजच्या संगणकांची रचना त्यावरच उभी आहे. बूल हे जोडे बनविणाऱ्या एका कारागिराचे पुत्र. विद्यापीठांत ते शिकले नव्हते. वरचें गणित त्यांनीं स्वतःच पुस्तकें वाचून मिळविलें, आणि तेंहि शाळामास्तरकी करीत असतां. हें मीं थोड्या अभिमानानें लिहीत आहें, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल.

आतां भाषा. हॉलंडचे विख्यात संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनीं 1975 सालच्या एका टिपणांत असें मत दिलें आहे, कीं गणिताकडील कल तर हवाच, पण त्याखेरीज मातृभाषेवर असाधारण प्रभुत्व असणें हें चांगल्या प्रोग्रॅमरचें सर्वांत मोठें भांडवल होय. त्यांनीं इंग्रजी म्हटलें नाहीं, मातृभाषा म्हटलें, याकडे मी आमच्या मराठी विभागाच्या वाचकांचें मुद्दाम लक्ष वेधतों. ज्यास आपल्या बोलीभाषेंत एखादी गोष्ट क्रमानें व निःसंदिग्धपणें सांगतां येत नाहीं, त्याला ती यंत्राच्या भाषेंत कोठून येणार? इंग्रजीच्या भीतीनें मागें राहणाऱ्यांसाठीं एक गोष्ट सांगून ठेवितों. पायथन ही आज फार प्रचारांत असलेली संगणकभाषा. तिचे राखीव इंग्रजी शब्द 35 च्या आसपास आहेत. तेवढे पाठ करावयास आठवडा पुरे. मात्र चूक झाली असतां यंत्र जी सूचना देतें ती इंग्रजींत असते, व संदर्भाचीं पानेंहि बहुतेक इंग्रजींतच असतात; तेव्हां तें वाचावयाची हळूहळू संवय करावीच लागते.

या विषयाचा शास्त्रीय शोधहि झाला आहे. अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठांत शँटेल प्रॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 36 नवशिक्या प्रौढांस पायथन शिकविली, आणि कोण किती लवकर व किती चांगलें शिकतो हें तपासलें. 2020 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें, शिकणाऱ्यांत जो फरक पडला त्यापैकीं 34 टक्के फरक सामान्य विचारशक्ति व धारणाशक्ति यांच्याशीं जुळला, 17 टक्के परभाषा शिकण्याच्या हातोटीशीं, आणि आंकडेमोडीच्या कौशल्याशीं केवळ 2 टक्के. माणसें थोडीं होतीं, तेव्हां या आंकड्यांवर घर बांधूं नये. शिवाय त्या व्यक्ति अगदीं आरंभींचा भाग शिकत होत्या. त्याच वर्षीं एम. आय. टी. या संस्थेंतील संशोधकांनीं प्रोग्रॅम वाचीत असलेल्या लोकांच्या मेंदूचीं चित्रें घेतलीं. भाषा समजतांना मेंदूचे जे भाग विशेष जागृत होतात, ते येथें फारसे जागृत झाले नाहींत. कोणतेंहि अवघड काम लक्ष देऊन करतांना जें जाळें चालतें, तें चालूं लागलें. एका शोधाचा कल भाषेकडे, तर दुसऱ्याचा तिच्यापासून दूर! माझ्या समजुतीप्रमाणें यांत विरोध नाहीं. भाषा शिकणारा नवे नियम झटपट उचलतो, तें शिकतांना उपयोगी पडतें. शिकून झाल्यावर लिहिलेलें वाचणें हें मात्र कादंबरी वाचण्यासारखें नसतें.

आरंभींच्या काळीं या कामावर कोण माणसें होतीं हें पाहिलें, तर मोठी मौज वाटते. फिलाडेल्फियाच्या विद्यापीठांत बांधलेल्या आणि 1946 सालीं जगापुढें आलेल्या एनिअॅक या अवाढव्य यंत्राच्या आज्ञा सहा तरुणींनीं बसविल्या. त्यांपैकीं कॅथलीन मॅकनल्टी आयर्लंडांतून लहानपणीं अमेरिकेंत आल्या तेव्हां त्यांस इंग्रजी येत नव्हतें, फक्त आयरिश येत होती. पुढें त्या गणिताच्या पदवीधर झाल्या. बेट्टी स्नायडर यांचा विद्यापीठांतील विषय वृत्तपत्रविद्या हा होता. यादी क्रमवार लावण्याच्या कामाची आज्ञावली यंत्रानेंच तयार करावी, अशी युक्ति त्यांनीं पुढें काढली. मेरी ॲलन विल्क्स या 1959 सालीं तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. त्यांस वकील व्हावयाचें होतें; पण त्या काळीं स्त्रीला वकिलींत वाव नाहीं असें सर्वांनीं सांगितल्यामुळें त्या संगणकाकडे वळल्या. लिंक नांवाच्या छोट्या संगणकाची मूळ आज्ञावली त्यांनीं रचली, आणि 1965 सालीं तें यंत्र बाल्टिमोर येथें आपल्या आईवडिलांच्या घरीं नेऊन तेथें काम केलें. पुढें 1972 सालीं त्या हार्वर्डला कायदा शिकावयास गेल्या व खरोखरच वकील झाल्या. यांस घेतांना कोणी त्यांची जन्मजात बुद्धि तोलली होती असें दिसत नाहीं. माणसें हवीं होतीं, म्हणून घेतलीं.

तोलण्याची पद्धति पुढें आली. 1955 च्या सुमारास आय. बी. एम. या कंपनीनें प्रोग्रॅमर निवडण्यासाठीं एक परीक्षा काढली. तींत अंकांच्या मालिका, आकृतींचीं कोडीं व तोंडी हिशेबासारखे प्रश्न असत. ती फार लोकप्रिय झाली. तींतील गुणांचा शिक्षणवर्गांतील गुणांशीं बराच मेळ बसे. प्रत्यक्ष कामाच्या कसोटीशीं मात्र तो भरंवशाचा ठरला नाहीं. तरी कोडीं सुटणारा तोच प्रोग्रॅमर, हा समज जो एकदां रुजला तो रुजलाच.

वर दिलेलें अ आणि ब यांचें उदाहरण आतां उपयोगास येतें. लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठांतील सईद देहनदी व रिचर्ड बॉर्नाट यांनीं, एकहि धडा न शिकलेल्या विद्यार्थ्यांस नेमके तसेच प्रश्न घातले. उत्तर बरोबर कीं चूक याकडे त्यांनीं पाहिलें नाहीं. विद्यार्थी सर्व प्रश्नांस एकच नियम लावतो कीं दर वेळीं नवा, एवढेंच पाहिलें. यावरून कोण प्रोग्रॅमर होईल व कोण होणार नाहीं हें आधींच सांगतां येतें, असें 2006 सालीं त्यांनीं एका लेखांत जाहीर केलें. तो लेख जगभर फिरला, आणि कित्येक प्राध्यापकांस आपला अनुभव खरा ठरल्याचें समाधान वाटलें. पुढील पडताळ्यांत मात्र तो दावा टिकला नाहीं. 2014 सालीं बॉर्नाट यांनीं आपण लिहिलेलें खरें नव्हतें, अशी कोणतीहि उपजत लायकीची कसोटी सांपडलेली नाहीं, असें स्वतःच प्रसिद्ध केलें. आपली चूक जगापुढें कबूल करणारे विद्वान थोडे. मला त्या लेखापेक्षां ही कबुली अधिक मोलाची वाटते.

ज्यांस येतें ते एकीकडे व ज्यांस येत नाहीं ते दुसरीकडे, मध्यें कोणीच नाहीं, असें या विषयाचे पुष्कळ शिक्षक सांगतात. एलिझाबेथ पॅटित्सास व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संगणकवर्गांचे 778 निकाल तपासून 2016 सालीं दाखविलें, कीं असे दोन ढीग दिसावे असे निकाल शेंकडा 6 सुद्धां नव्हते. बाकीच्यांत मधलीं मुलें भरपूर होतीं. याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढें आहे. हुशारी जन्मजात असते असें मानणाऱ्या शिक्षकांसच संदिग्ध आलेखांत दोन ढीग अधिक दिसत. म्हणजे ढीग निकालांत नव्हते, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होते. हें वाचलें तेव्हां मला ती 41 गुणांची गुणपत्रिका आठवली.

मग पुढें जाणारीं मुलें पहिल्याच दिवशीं पुढें कां दिसतात? बहुतेक वेळां त्यांनीं घरीं यंत्र आधींच हाताळलेलें असतें म्हणून. कॅलिफोर्नियांतील हार्वे मड कॉलेजांत हें ओळखून, पूर्वीं शिकलेल्यांचा व अगदीं नवख्यांचा वर्ग निरनिराळा केला आणि पाठांचे विषयहि बदलले. 2006 च्या सुमारास तेथें संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली दहांत एक होत्या. कांहीं वर्षांतच त्या दहांत चार झाल्या. तेवढ्या अवधींत मुलींचे मेंदू बदलले, असें कोणी म्हणणार नाहीं.

सर्व मुलें सारख्याच वेगानें शिकतात असें मात्र मी म्हणत नाहीं. वीस वर्षें वर्गांत उभा राहिलेला मनुष्य असें म्हणूं शकणार नाहीं. कोणी दोन दिवसांत उचलतो, कोणास दोन महिने लागतात. आतां तर यंत्रेंच आज्ञावल्या लिहून देऊं लागलीं आहेत, तेव्हां शिकावें तरी कशास, असेंहि पालक विचारतात. पण आपणांस काय हवें तें यंत्रास नेमकें सांगणें, आणि त्यानें दिलेल्या उत्तरांतील मुकी चूक पकडणें, हें काम माणसाकडेच राहिलें आहे. गैरहजर मुलांचें काय करावयाचें हें शाळेनें ठरवावयाचें आहे.

हल्लीं कोणी पालक तो जुना प्रश्न घेऊन आले, तर मी गुणपत्रिका बाजूस ठेवतों. मुलापुढें यादी टाकून, सर्वांत अधिक गुण शोधण्याच्या आज्ञा त्यास कागदावर लिहावयास सांगतों, आणि मग स्वतः यंत्र होऊन तो लिहील तसेंच अक्षरशः करतों. पहिल्या खेपेस कांहींतरी भलतेंच उत्तर येतें. मुलें हंसतात, क्वचित् चिडतात. ही कांहीं परीक्षा नव्हे, व तिच्यावरून मी कोणाचें भविष्य सांगत नाहीं. काम कशा जातीचें आहे हें बापलेकांस एकदमच कळावें, एवढ्यासाठीं ती खटपट. गेल्या जूनमध्यें गणितांत 52 गुण मिळालेला एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. तीन वेळां त्यानें कागद फाडला, चौथ्या वेळीं आज्ञा बिनचूक जमल्या आणि दोघे घरीं गेले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वींच तो माझ्या खोलीच्या दाराशीं उभा. म्हणाला, "सर, काल एक राहिलें. वर्गांत एकहि मूल नसेल, तर पहिल्या मुलाचे गुण कागदावर लिहावयाचे कोठून?"

मीं त्यास कोरा कागद दिला, आणि तो बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला.